फिक्स लागला तरी उंची का चुकते? जीएनएसएस अँटेनाचं फेज सेंटर आणि त्याची कॅलिब्रेशन फाइल

रोव्हरच्या, म्हणजे खुणांवर फिरवायच्या जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या) रिसीव्हरच्या स्क्रीनवर ‘फिक्स’, म्हणजे अचूक उत्तर सापडल्याचं, दिसतं, उभ्या दिशेची अचूकता १२ मिलिमीटर असल्याचं लिहून येतं, आणि त्याच खुणेवर दुसऱ्या कंपनीचा रोव्हर उभा केला की उंची सहा-सात सेंटिमीटरनं वेगळी निघते. दोन्ही यंत्रं चांगली असतात. दोन्हींनी उपग्रहांपर्यंतची अंतरं व्यवस्थित मोजलेली असतात. घोळ असतो तो ही अंतरं अँटेनाच्या नेमक्या कोणत्या बिंदूपर्यंतची आहेत, आणि तो बिंदू जमिनीवरच्या खिळ्याच्या किती वर धरला, यात. भूमी अभिलेखची मोजणी असो, नदीकाठच्या रस्त्याचं लेव्हल असो की खडकवासल्याच्या भिंतीवरचा निरीक्षणाचा पिलर, हा घोळ सगळीकडे सारखाच होतो. आणि तो गुपचूप होतो. कोणताही दिवा लाल होत नाही, कारण रिसीव्हरला स्वतःला ही चूक दिसायची सोयच नसते.

आधी एक खुलासा. जीएनएसएसची उंची लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, बेंचमार्कवर, म्हणजे ठाऊक उंचीच्या पक्क्या खुणेवर लिहिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते, आणि पुण्यात या दोन्हींत कित्येक मीटरचा फरक आहे. तो फरक जिऑइड मॉडेलनं, म्हणजे समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाच्या गणिती नकाशानं, काढावा लागतो आणि मॉडेललाही स्वतःची चूक असते. त्यामुळे बेंचमार्कशी पाच सेंटिमीटर जुळत नाही म्हणून लगेच अँटेनाला दोष देऊ नये. खाली जे आहे ते फक्त अँटेनापुरतं आहे.

खूण, एआरपी आणि फेज सेंटर

उंचीच्या हिशेबात तीन बिंदू येतात. पहिला जमिनीवरची खूण. दुसरा अँटेना रेफरन्स पॉइंट, म्हणजे एआरपी. हा अँटेनाच्या अंगावरचा, हात लावून दाखवता येईल असा बिंदू असतो. बहुतेक अँटेनांत तळाशी जी ५/८ इंची आट्यांची बैठक असते, तिच्या खालच्या पृष्ठभागाचा मध्य म्हणजे एआरपी. पण ‘बहुतेक’ या शब्दावर विसंबू नका. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवा, म्हणजे आयजीएस, अँटेनांच्या आकृत्यांची एक साधी मजकूर-फाइल ठेवते. तीत प्रत्येक मॉडेलचा एआरपी कुठे आहे ते काढून दाखवलेलं असतं. नवा अँटेना हातात आला की पहिलं काम ती आकृती बघण्याचं.

तिसरा बिंदू फेज सेंटर. वाहक लहरीचं, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलच्या मूळ लहरीचं मोजमाप विजेच्या दृष्टीनं जिथे होतं तो हा बिंदू. शांत पाण्यात खडा टाकला की गोल तरंग पसरतात आणि नुसत्या तरंगांकडे बघूनही खडा कुठे पडला ते सांगता येतं; अँटेनातून लहर बाहेर सोडली असती तर तिच्या गोलाकार आघाडीचा जो मध्य निघाला असता, तेच त्याचं फेज सेंटर. ग्रहण करतानाही हाच मध्य लागू होतो. हा बिंदू बाहेरून दिसत नाही, त्यावर टेप धरता येत नाही, आणि बऱ्याचदा तो एआरपीच्या ५ ते १२ सेंटिमीटर वर असतो.

खुणेपासून एआरपीपर्यंतचं अंतर तुम्ही मोजता. एआरपीपासून फेज सेंटरपर्यंतचं अंतर कॅलिब्रेशन फाइल देते. या दोघांत गल्लत झाली की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून आधी तुमच्या वाट्याचं मोजमाप बघू.

ट्रायपॉडवरच्या अँटेनाची उंची टेपनं सरळ उभी मोजता येत नाही, कारण मध्ये ट्रायब्रॅक, म्हणजे अँटेना समपातळीत आणणारी बैठक असते. म्हणून अँटेनाच्या कडेवरच्या खुणेपर्यंत तिरकी उंची घेतात. समजा तिरकं अंतर १.५०० मीटर आलं आणि कडेची त्रिज्या ०.१७० मीटर आहे. वर्गांची वजाबाकी करून मूळ काढलं की उभी उंची १.४९०३ मीटर निघते. तिरकी उंची तशीच भरली असती तर जवळजवळ एक सेंटिमीटर तिथेच गेला असता. पण ही उंची झाली कडेच्या खुणेपर्यंतची. खूण एआरपीच्या ४४ मिलिमीटर वर असेल तर एआरपीची उंची १.४४६३ मीटर. कंट्रोलरमध्ये, म्हणजे रोव्हर चालवायच्या हातातल्या यंत्रात ‘उंची कुठपर्यंत मोजली’ असा पर्याय असतो: माउंटच्या तळापर्यंत, कडेपर्यंत किंवा फेज सेंटरपर्यंत. हा पर्याय एका कामावरून दुसऱ्या कामावर तसाच राहून जातो, आणि उंचीच्या चुकांचं मोठं पीक इथेच येतं. फील्डबुकात तिरका आकडा, मोजल्याची जागा आणि अँटेनाचं पूर्ण नाव या तिन्ही गोष्टी लिहा. काढलेली उभी उंची एकटी लिहून ठेवली तर नंतर काहीच तपासता येत नाही. तिरकी उंची तीन बाजूंनी घ्यावी. तिन्हींत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ट्रायब्रॅकचा बुडबुडा पुन्हा बघावा.

एक सरासरी बिंदू आणि त्याच्या भोवतालचा फरक

फेज सेंटर हा एकच ठाम बिंदू असता तर एक आकडा पुरला असता. प्रत्यक्षात उपग्रह डोक्यावर असला की हा बिंदू एका जागी असल्यासारखा वागतो, क्षितिजाकडे उतरला की थोडा सरकतो, आणि पूर्वेकडून येणाऱ्या लहरीला जे दिसतं ते दक्षिणेकडून येणाऱ्या लहरीला दिसत नाही. म्हणून माहिती दोन भागांत देतात.

पहिला भाग फेज सेंटर ऑफसेट, पीसीओ: एआरपीपासून सरासरी फेज सेंटरपर्यंत उत्तर, पूर्व आणि वर अशी मिलिमीटरमधली तीन अंतरं. चांगल्या जिओडेटिक अँटेनात उत्तर आणि पूर्वेचे आकडे सहसा एक-दोन मिलिमीटरच्या आत असतात. ‘वर’चा आकडा मोठा असतो. दुसरा भाग फेज सेंटर व्हेरिएशन, पीसीव्ही: त्या सरासरी बिंदूला धरून प्रत्येक दिशेसाठी किती मिलिमीटरची दुरुस्ती लागते याचा तक्ता. हे आकडे साधारण शून्यापासून दहा-पंधरा मिलिमीटरपर्यंत जातात आणि क्षितिजाजवळ वाढतात.

पीसीओ आणि पीसीव्ही ही जोडी आहे, ती फोडायची नाही. सरासरी बिंदू कुठे धरायचा हे कॅलिब्रेशन करणारा ठरवतो. त्यानं तो १० मिलिमीटर वर धरला, तर पीसीव्हीचा तक्ता त्याच हिशेबानं बदलतो: शिरोबिंदूला १० मिलिमीटरनं, ६० अंश खाली उतरल्यावर ५ मिलिमीटरनं, क्षितिजावर शून्यानं. दोन्ही मिळून येणारी दुरुस्ती तीच राहते. त्यामुळे एका फाइलमधला पीसीओ आणि दुसऱ्या फाइलमधला पीसीव्ही जोडणं ही थेट चूक आहे. दोन संस्थांच्या कॅलिब्रेशनमध्ये ‘वर’चे आकडे वेगळे दिसले म्हणून एक चुकीचं ठरत नाही. तुलना करायची तर दोन्ही भाग एकत्र करून करावी.

हे सगळं प्रत्येक फ्रीक्वेन्सीला वेगळं असतं. जीपीएसच्या एल१ची फ्रीक्वेन्सी १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ, लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, एल२ची १२२७.६० मेगाहर्ट्‌झ, लांबी सुमारे २४.४ सेंटिमीटर. एकाच अँटेनात या दोघांची फेज सेंटर्स दोन-तीन सेंटिमीटरनं वरखाली असू शकतात. लांब बेसलाइनवर, म्हणजे दोन रिसीव्हरांमधलं अंतर मोठं असताना, आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) परिणाम काढण्यासाठी दोन्ही मोजमापं एकत्र करतात, आणि तिथे हा फरक मोठं रूप घेतो. त्या जोडणीत एल१ला २.५४६ नं गुणतात आणि त्यातून एल२च्या १.५४६ पट वजा करतात. समजा एल१चा ‘वर’ ८५ मिलिमीटर आणि एल२चा ११० मिलिमीटर आहे. हिशेब असा: २१६.४ वजा १७०.१, म्हणजे ४६.३ मिलिमीटर. आयनोस्फिअर-मुक्त फेज सेंटर दोघांच्या मधोमध पडत नाही, ते दोघांच्याही खाली येतं! म्हणूनच ‘सरासरी ९५-१०० धरू’ असा अंदाज इथे चालत नाही. त्यानं पाच सेंटिमीटरची चूक होईल. एल१च्या आकड्यात दोनच मिलिमीटर चूक असली तरी या जोडणीत ती पाच मिलिमीटर होते.

फाइल वाचायची कशी

कॅलिब्रेशनची सर्वमान्य फाइल अँटेक्स नावाच्या साच्यात असते, शेवटी एटीएक्स. ती साध्या मजकूर-संपादकात उघडते. प्रत्येक ओळीच्या पहिल्या ६० रकान्यांत माहिती आणि ६१ पासून पुढे त्या ओळीचं नाव. रकाने मोजून वाचायचा हा साचा आहे. एक मोकळी जागा कमी-जास्त झाली की प्रोग्राम वेगळंच वाचतो. हातानं फाइल दुरुस्त करणार असाल तर टॅब वापरू नका.

प्रत्येक अँटेनाच्या भागात पहिली महत्त्वाची ओळ नावाची. पहिल्या १६ रकान्यांत मॉडेल, उदाहरणार्थ टीआरएम५७९७१.००, आणि १७ ते २० या चार रकान्यांत रेडोम, म्हणजे वरच्या टोपीची खूण: टीझेडजीडी, एससीआयएस, एलईआयटी वगैरे. टोपी नसेल तर नन. टोपी हा शोभेचा भाग नाही. लहर प्लास्टिकमधून जाताना थोडी उशिरा पोचते आणि टोपीच्या आकाराप्रमाणे हा उशीर दिशेनुसार बदलतो. उंचीत काही मिलिमीटरपासून क्वचित सेंटिमीटरपर्यंत फरक पडतो. गच्चीवरच्या कायमच्या अँटेनावर पावसाळ्याआधी कुणी टोपी बसवली आणि रेकॉर्डमध्ये नन तसंच ठेवलं, तर त्या तारखेपासून स्टेशन ‘हलल्याचं’ दिसेल. खडकवासल्यासारख्या ठिकाणी भिंतीची हालचाल बघणाऱ्याला ही उडी खरी वाटू शकते. टोपी, केबल, अँटेना, काहीही बदललं की तारीख आणि वेळ नोंदवा.

पुढच्या ओळीत पद्धत येते: रोबोट, चेंबर, फील्ड, किंवा कॉपीड. रोबोट पद्धतीत अँटेना खऱ्या उपग्रहांखाली यांत्रिक हातावर हजारो कोनांत वळवतात आणि तिरका करतात, म्हणजे भोवतालचे परावर्तन-परिणाम हिशेबातून निघून जातात. चेंबर म्हणजे लहरी शोषून घेणाऱ्या भिंतींची बंद खोली आणि तीत कृत्रिम सिग्नल. कॉपीड असेल तर सावध व्हा: ते मोजमाप याच अँटेनाचं नाही, त्याच्या भावंडाचं आहे. टोपीवाल्या अँटेनाला बिनटोपीचे आकडे चिकटवलेले बरेचदा इथे सापडतात. याच ओळीत किती अँटेना तपासले तेही असतं. पाच अँटेनांची सरासरी एकापेक्षा भरवशाची. तुमच्या विशिष्ट सिरियल नंबरचं स्वतंत्र कॅलिब्रेशन असेल तर उत्तमच; त्याच मॉडेलच्या दोन नगांत काही मिलिमीटरचा फरक राहू शकतो.

नंतर तक्त्याची मापं येतात. दिगंश (उत्तरेपासूनचा आडवा कोन) आणि शिरोबिंदूपासूनचा कोन, दोन्ही ५-५ अंशांनी असले तर एका ओळीत १९ आकडे (० ते ९० अंश) आणि अशा ७३ ओळी (० ते ३६० अंश). लक्षात ठेवा, इथे कोन शिरोबिंदूपासून मोजलेला आहे; डोक्यावर शून्य, क्षितिजावर नव्वद. त्यानंतर प्रत्येक फ्रीक्वेन्सीसाठी एक तुकडा: जी०१ म्हणजे जीपीएस एल१, जी०२ म्हणजे एल२, आर हे रशियाच्या ग्लोनासचं, ई युरोपच्या गॅलिलिओचं, सी चीनच्या बेइदोचं. तुकड्यात आधी उत्तर-पूर्व-वर, मग नोअझी नावाची ओळ, म्हणजे सगळ्या दिगंशांची सरासरी, आणि मग पूर्ण तक्ता.

नोअझीच्या ओळीकडे खास लक्ष द्या, कारण काही प्रोग्राम फक्त तीच वाचतात. लोकांच्या आवडीचा, मोफत मिळणारा आरटीकेलिब त्यांपैकी एक आहे: तो पीसीओ आणि नोअझी घेतो, दिगंशाचा तक्ता सोडून देतो. रोजच्या कामाला हे चालतं. मिलिमीटरच्या निरीक्षणाला चालत नाही, आणि त्याला पुण्याच्या आकाशाशी जोडलेलं एक कारण आहे. जीपीएसचे उपग्रह विषुववृत्ताशी ५५ अंशांच्या कलानं फिरतात. पुणे १८.५ अंश उत्तरेला असल्यामुळे थेट उत्तरेला क्षितिजापासून सुमारे ४० अंशांपर्यंत जीपीएसचा उपग्रह येतच नाही. ग्लोनासचा कल जवळजवळ ६५ अंश असल्यानं त्याच्यामुळे ही मोकळी जागा थोडी भरते, पूर्ण नाही. आकाश सगळीकडून सारखं भरलेलं असतं तर दिशेनुसार येणारा फरक सरासरीत बुजला असता. इथे तो बुजत नाही आणि उत्तर-दक्षिण घटकात थोडा उरतो.

उत्तरेचा विषय निघालाच आहे तर: तक्त्यातली उत्तर म्हणजे अँटेनावरची खूण उत्तरेकडे ठेवल्यावरची उत्तर. काही अँटेनांवर बाण असतो, काहींत केबलची जागा किंवा बटणांची बाजू ही खूण असते. तीही आयजीएसच्या आकृतीत दिलेली असते. अँटेना उलटा, दक्षिणेकडे तोंड करून बसवला तर उत्तर-पूर्वेच्या ऑफसेटची दुरुस्ती उलट लागते, म्हणजे चूक दुप्पट होते. ऑफसेट दीड मिलिमीटर असेल तर चूक तीन मिलिमीटर. होकायंत्रानं पाच अंशांच्या आत उत्तर साधली तरी पुरे. लोखंडी रेलिंगजवळ मात्र होकायंत्रावर भरवसा ठेवू नका.

जुने आणि नवे आकडे

पूर्वी कॅलिब्रेशन सापेक्ष असे. डॉर्न-मार्गोलिन प्रकारचा एक चोक रिंग अँटेना आदर्श धरायचा, त्याचा पीसीव्ही शून्य मानायचा, आणि बाकी सगळ्यांची मापं त्याच्या शेजारी ठेवून घ्यायची. जवळच्या दोन खुणांना हे पुरतं, कारण दोन्ही अँटेनांना उपग्रह एकाच कोनात दिसतो आणि आदर्श अँटेनाची चूक वजाबाकीत जाते. पण पुणे ते हैदराबाद या सुमारे ५०० किलोमीटरच्या बेसलाइनवर पृथ्वीच्या वक्रतेमुळे तोच उपग्रह दोन टोकांना साडेचार ते सहा अंशांच्या फरकानं दिसू शकतो, आणि मग शून्य मानलेला तो पीसीव्ही शून्य नसल्याचं बाहेर येतं. ५ नोव्हेंबर २००६ पासून आयजीएसनं निरपेक्ष कॅलिब्रेशन स्वीकारलं. त्यानंतर आयजीएस०८ (२०११), आयजीएस१४ (२०१७) आणि आयजीएस२० (२७ नोव्हेंबर २०२२ पासून) अशा फाइल्स आल्या. फाइलच्या नावाच्या शेवटी जीपीएस आठवड्याचा चार आकडी क्रमांक असतो, त्यावरून तुमची फाइल किती ताजी आहे ते कळतं.

नियम एकच आणि कडक आहे: एका हिशेबात सगळे अँटेना एकाच कुळातल्या फाइलमधले हवेत. बेस (ठाऊक खुणेवरचा स्थिर रिसीव्हर) सापेक्ष आणि रोव्हर निरपेक्ष असं मिश्रण झालं तर उंचीत सेंटिमीटरच्या घरात चूक होऊ शकते. जुन्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये कंपनीची स्वतःची अँटेना-यादी असते आणि तीत काही जुने सापेक्ष आकडे राहिलेले असतात. नवं काम सुरू करण्याआधी ती यादी ताज्या एटीएक्सशी ताडून बघा.

उपग्रहांनाही अँटेना असतात आणि त्यांचेही ऑफसेट त्याच फाइलमध्ये असतात, वस्तुमानकेंद्रापासून पृथ्वीच्या दिशेनं मोजलेले. जीपीएसच्या जुन्या आयआयए पिढीत हा ऑफसेट अडीच मीटरच्या आसपास होता. लहान बेसलाइनवर हे सगळं वजाबाकीत जातं. पण पीपीपी, म्हणजे बेसशिवाय एकट्या रिसीव्हरनं अचूक जागा काढण्याचं काम करत असाल, तर कक्षा आणि घड्याळांची फाइल ज्या एटीएक्सच्या आधारानं बनली तीच एटीएक्स वापरावी लागते. आयजीएस२० काळातल्या कक्षांना आयजीएस१४ची फाइल लावली की उंचीत पद्धतशीर चूक बसते आणि कितीही तास निरीक्षण केलं तरी ती जात नाही.

नेटवर्कवरून दुरुस्ती घेताना

भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स (कायम चालू असलेल्या बेस-स्टेशनांचं) जाळं महाराष्ट्रात चालू झाल्यापासून स्वतःचा बेस न लावता काम करणं सोपं झालं आहे. पण आता बेसचा अँटेना तुमच्या डोळ्यांसमोर नसतो, म्हणून दुरुस्तीच्या संदेशांतून काय येतं ते माहीत हवं. आरटीसीएम या दुरुस्ती-संदेशांच्या ठरलेल्या साच्यातल्या १००५ क्रमांकाच्या संदेशात बेसच्या एआरपीचे निर्देशांक असतात, १००६ मध्ये त्याबरोबर अँटेनाची उंचीही. अँटेनाचं नाव १००७, १००८ किंवा १०३३ मधून येतं. नाव आलंच नाही तर रोव्हर बेसचा पीसीओ लावू शकत नाही.

आभासी बेस देणारी नेटवर्कं बहुतेकदा आधीच सगळी दुरुस्ती करून मोजमापं एका काल्पनिक अँटेनावर आणून ठेवतात, ज्याचे सगळे आकडे शून्य आहेत. त्याचं नाव एडीव्हीनलअँटेना असं येतं. अशा वेळी बेसला पुन्हा खरं मॉडेल नेमलं की दुरुस्ती दोनदा होते. हे प्रत्यक्ष कामात कमी, पण आभासी बेसचा डेटा उतरवून ऑफिसात पोस्ट-प्रोसेसिंग करताना बरेचदा होतं. हेडरमध्ये नल अँटेनाचं नाव असेल तर त्याला हात लावू नका.

चूक कुठल्या टोकाला आहे ते तिच्या दिशेवरून ओळखता येतं. बेसचा पीसीओ लागला नाही, तर रोव्हरच्या सगळ्या उंच्या तेवढ्यानं कमी येतात: बेसचं फेज सेंटर प्रत्यक्षात आठ सेंटिमीटर वर असताना प्रोग्राम ते एआरपीवर धरतो, आणि सगळं काम आठ सेंटिमीटर खाली बसतं. रोव्हरचा पीसीओ लागला नाही, तर उंच्या जास्त येतात. दोन्ही लागले नाहीत आणि दोन्ही अँटेना एकाच मॉडेलचे असले, तर चूक वजाबाकीत जाते आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. मग एक दिवस नवा रोव्हर खरेदी होतो, आकडे जुळेनासे होतात, आणि दोष नव्या रोव्हरवर येतो.

फाइल बरोबर असूनही

कॅलिब्रेशन मोकळ्या अँटेनाचं असतं. तोच अँटेना पत्र्याच्या थाळीला चिकटवून किंवा रुंद काँक्रीट पिलरच्या माथ्याला टेकवून बसवला, की खालचा धातू आणि काँक्रीट हे जणू अँटेनाचाच भाग होतात आणि फेज सेंटर बदलतं. हा जवळच्या परिसराचा परिणाम दिवसभराच्या सरासरीनंही जात नाही, कारण तो सतत सारखाच असतो. अँटेना आणि पृष्ठभागात अंतर ठेवा, पिलरचा माथा अँटेनापेक्षा रुंद नको, आणि एकदा ठरवलेली रचना बदलू नका. ‘बरोबर आहे का’ यापेक्षा ‘तशीच आहे का’ हा प्रश्न धरणासारख्या निरीक्षणात जास्त मोलाचा असतो.

दुसरी अडचण हवेची. पीसीव्हीतली चूक उन्नती कोनाप्रमाणे, म्हणजे उपग्रह क्षितिजापासून किती वर आहे त्याप्रमाणे, बदलते, आणि वातावरणातल्या बाष्पामुळे होणारा उशीरही तसाच बदलतो. हिशेबात उंची आणि वातावरण दोन्ही एकदम काढायला गेलं की प्रोग्रामला ही दोन वेगळी करता येत नाहीत. अँटेनाची चूक थोडी बाष्पात आणि थोडी उंचीत वाटली जाते. शिवाजीनगर आणि सिंहगड यांच्यासारख्या, उंचीत ७०० मीटरहून अधिक फरक असलेल्या खुणांमध्ये वातावरण काढावंच लागतं, म्हणजे तिथे पीसीव्ही चोख असण्याची गरज सर्वांत जास्त. तपासायला एक सोपी युक्ती आहे. तोच डेटा क्षितिजापासून १० अंशांच्या आणि नंतर २० अंशांच्या खालचे उपग्रह वगळून सोडवा. उंची पाच मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पीसीव्ही, टोपी किंवा परावर्तन, यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे.

स्वस्त पॅच अँटेनाबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. त्यांचं फेज सेंटर खालच्या धातूच्या थाळीवर अवलंबून असतं. कॅलिब्रेशन ज्या मापाच्या थाळीवर झालं ती थाळी नसेल तर फाइलमधले आकडे तुमचे नाहीत. दोन-तीन सेंटिमीटर पुरेसे असतील तिथे ते खुशाल वापरा. उंचीच्या बारीक कामाला वापरू नका. नव्या फ्रीक्वेन्सींबाबतही असंच: जुन्या अँटेनांच्या फाइलमध्ये एल१ आणि एल२च असतात, एल५ साठी प्रोग्राम बहुधा एल२चे आकडे उसने घेतो. भारताच्या नाविक या उपग्रह-प्रणालीचा एल५ आणि जीपीएसचा एल५ दोन्ही ११७६.४५ मेगाहर्ट्‌झवर आहेत, त्यामुळे जीपीएस एल५चं कॅलिब्रेशन असलेला अँटेना नाविकलाही उपयोगी पडतो.

गच्चीवरची तपासणी

रोबोट किंवा चेंबर नसतानाही तुमच्याकडच्या दोन अँटेनांची सापेक्ष तपासणी करता येते. मोकळं आकाश असलेली गच्ची, पाण्याच्या टाकीपासून आणि मोबाइल टॉवरपासून दूर. ५ ते १० मीटर अंतरावर दोन पक्क्या बैठका घ्या. दोन्ही बैठकांच्या माथ्यांमधला उंचीचा फरक डिजिटल लेव्हलनं, जाऊन-येऊन, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत काढा. दोन्ही अँटेनांच्या खुणा उत्तरेकडे करा. किमान २४ तास डेटा घ्या, ३० सेकंदांनी एक नोंद पुरते. जीपीएसची आकाशातली मांडणी रोज सुमारे चार मिनिटं आधी परत येते. म्हणून दुसऱ्या दिवसाचं सत्र चार मिनिटं आधी सुरू केलं की परावर्तनाचा परिणाम दोन्ही दिवशी जवळपास सारखा राहतो.

दुसऱ्या सत्रात अँटेनांची अदलाबदल करा, बैठका तशाच. दोन्ही सत्रांतून काढलेल्या उंचीच्या फरकांची बेरीज करून अर्धी केली की खरा फरक येतो, तो लेव्हलच्या आकड्याशी जुळला पाहिजे. त्यांची वजाबाकी करून अर्धी केली की दोन अँटेनांमध्ये कॅलिब्रेशन लावूनही उरलेली तफावत कळते. तिसऱ्या सत्रात एकच अँटेना १८० अंशांत वळवा आणि प्रोग्रामला ते सांगू नका. उत्तर आणि पूर्वेत जो बदल येईल त्याच्या निम्मा म्हणजे त्या अँटेनाचा आडवा ऑफसेट. फाइलमधल्या आकड्याशी तो ताडून बघा.

हा सगळा डेटा तीनदा सोडवायचा: नुसत्या एल१वर, नुसत्या एल२वर, आणि आयनोस्फिअर-मुक्त जोडणीवर. इतक्या जवळच्या बैठकांवर आयनोस्फिअर दोन्हीकडे एकच असतं, म्हणून तिन्ही उत्तरं एक यायला हवीत. एल१ आणि एल२ एक-दोन मिलिमीटरमध्ये जुळावेत; जोडणीचा गोंगाट सुमारे तिप्पट असल्यानं तिला तीन-चार मिलिमीटर सूट द्या. एल१ आणि एल२ मध्येच एक-दोन सेंटिमीटर फरक आला तर अँटेनाचं नाव चुकलंय किंवा फाइल लागलेलीच नाही. फरक फक्त जोडणीत दिसला तर एखाद्या फ्रीक्वेन्सीच्या आकड्यात लहानशी चूक आहे आणि ती जोडणीत फुगली आहे (एल१ची २.५४६ पट, एल२ची १.५४६ पट). तिन्ही जुळतात पण लेव्हलशी जुळत नाहीत, तर फाइल ठीक आहे. टेप, बैठक किंवा एआरपीची जागा पुन्हा बघा.

आरटीकेलिबमध्ये हे करताना सेटिंगच्या दोन जागा असतात: अँटेनाच्या फाइलचा पत्ता आणि अँटेनाचं नाव. नावाच्या जागी तारका ठेवली तर प्रोग्राम ते रिनेक्सच्या, म्हणजे कच्च्या मोजमापांच्या फाइलच्या हेडरमधून घेतो. हेडरमधलं नाव रिकामं असलं किंवा मॉडेलचं नाव चुकलेलं असलं, तर तो फाइलमध्ये जोडी शोधू शकत नाही, दुरुस्ती शून्य धरतो आणि उत्तर तरीही देतो. म्हणून एकदा नाव मुद्दाम चुकवून सोडवा. उंचीत सेंटिमीटरांचा फरक पडला तर आधीच्या वेळी दुरुस्ती खरंच लागत होती. काहीच फरक पडला नाही तर ती कधीच लागली नव्हती.